कैलासवासी गंज

आमचे घरमालक कोणतंही भांडं विकत घ्यायच्या आधी त्यात डोकं घालायचे. अक्षरशः. वाशीमच्या भांडेबाजारात दुकानदारानं पुढं केलेल्या पातेल्यात गळ्यापर्यंत शिरून आतल्या आत काहीतरी पुटपुटायचे, थांबायचे, मग बाहेर येऊन "नाई, याच्यात ऐकू येत नाई" म्हणत पुढच्या दुकानाकडे चालू लागायचे. मी एकदाच त्यांच्याबरोबर गेले आणि शपथेवर सांगते, लाजेनं मेले. माझ्या वर्गातल्या दोन पोरींच्या आया तिथंच चमचे घेत उभ्या होत्या.

वाशीमकडच्या शिरपूरला मला शाळेत नोकरी लागली. माहेर इंझोरीचं, नवरा अकोल्याला, आणि एसटीच्या भरवशावर रोजचं जाणं-येणं काही जमेना. म्हणून या घरमालकांची माडीवरची खोली घेतली. खाली काका आणि काकू. एक मुलगी, ती लग्न होऊन सुरतेला. काकांचा सगळा जन्म संभाजीनगरकडच्या एका बिअरच्या कारखान्यात उकळणाऱ्या भांड्याशेजारी उभं राहण्यात गेला होता. निवृत्त होऊन गावी आले ते हेच खूळ डोक्यात घेऊन: आपल्या घरी, आपल्या हातानं, आपल्या भांड्यात बिअर करायची. कायद्याचं मला विचारू नका. मी मास्तरीण बाई, खाली काय शिजतं ते हुंगायला जात नव्हते. पण वास जिन्यानं वर यायचाच. भिजून फुगलेल्या जवाचा गोडसर वास आणि त्याच्या मागून येणारा कडू. आमचं गाव देवस्थानाचं, गल्लीतून यात्रेकरू जायचे. त्यातला एखादा थबकून विचारायचा, "क्या बन रहा है?" काका शांतपणे सांगायचे, "काढा." तसं ते खोटंही नव्हतं म्हणा.

आणि गंमत म्हणजे हा माणूस स्वतः पीत नव्हता. झाकणभर चाखायचा, बस. बाकीची सगळी शेणखताच्या खड्ड्यात. "मले पेवाची हौस नाई, मॅडम," म्हणायचे, "मले उकळाची हाय."

योग्य भांडं काही त्यांना सापडत नव्हतं. अॅल्युमिनियमची डेग आणून पाहिली, दूधवाल्याची जुनी कॅन कापून पाहिली, घरातली पितळी घागरही धरून पाहिली. काकूंनी ती हातातून हिसकावून घेतली. मी कपडे वाळत घालायला खाली उतरले की काका मला धरून बसवायचे आणि उद्या जणू मीच भांडं घ्यायला निघाले आहे अशा थाटात शिकवायचे.

"बूड जाड पाह्यजे. पातळ बुडाचं भांडं म्हंजे हलक्या कानाचा मानूस, लगेच जळते. पसरट घेतलं तं सारी वाफ उडून जाते. लईच उंच घेतलं तं ढवळता येत नाई. आन् जेवढं शिजवाचं त्याच्या दीडपट मोठं घ्यावं. फेसाले जागा लागते. रागाले आन् फेसाले वर जागा ठेवाच लागते."

"आणि तोटी?"

तोटीचं विचारलं की माणूस खुलायचा. "तोटी बुडाच्या दोन बोटं वर. बुडाशीच लावली तं सारा गाळ येते. आन् ते खोलून धुता आली पाह्यजे. नाई तं मागच्या घानीचं आतल्या आट्यात बसून राह्यते. ते मरत नाई, मॅडम. वाट पाह्यते. पुढच्या घानीत उठून येते."

हे ते असं सांगायचे की ऊन असूनही माझ्या हातावर काटा यायचा. झाकणाचंही तसंच. झाकण हवंच, पण उकळताना कधी टाकायचं नाही, वास आत कोंडतो म्हणे. "उकळीचं तोंड उघडं पाह्यजे. झाकाचं ते मेल्यावर."

"मेल्यावर?"

"म्हंजे गार झाल्यावर," असं म्हणून ते माझ्याकडे पाहायचे. मीच काहीतरी भलतंसलतं बोलले की काय, असं मला वाटायचं.

पण खरी भीती बसली ती आवाजाची. पाणी तापायला लागलं की भांडं गुणगुणतं, हे प्रत्येक बाईला ठाऊक असतं. आधी बारीक आवाज, मग तो वाढत जातो, आणि उकळी फुटायच्या जरा आधी भांडं एकदम गप्प होतं. चहाच्या पातेल्यात हे कळतही नाही. काका मोठ्या भांड्यात करायचे, तेव्हा ती गुणगुण माझ्या खोलीच्या फरशीतून पायाला लागायची. एका रविवारी दुपारी मी पेपर तपासत बसले होते. खालून गुणगुण सुरू झाली, वाढली, कोणी तोंड मिटून ओळखीची चाल म्हणावी तशी. मग बंद. त्या शांततेत काकांचा आवाज आला, अगदी घरगुती, "हो, हो. आलो."

मी जिन्यावरून वाकून पाहिलं. काका एकटेच भांड्यासमोर उभे. काकू देवळात गेलेल्या.

संध्याकाळी मी काकूंना विचारलं. काकू म्हणजे तोंडानं फटकळ आणि काळजानं लोणी अशातल्या. शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "त्याइच्या कारखान्यात एक होता संगती. मोठं भांडं धुवाले आत उतराचा आन् घासता घासता गाणं गुणगुणाचा. एक दिवस गुणगुणता गुणगुणताच गप झाला. आत हवा नवती का काय, देव जाने. हे बाहेर उभे. याइले वाटलं, काम झालं असंन, म्हनून गप झाला." त्यांनी शेंगेचं टरफल फेकलं. "तवापासून हे भांड्यात डोकं घालतेत. मले लई भ्या वाटते पोरी. तो बलावते अन् हे हो म्हनतेत."

त्यांना भीती होती ती एवढीच, आणि ती त्या लपवतही नव्हत्या. नवरा गेल्यावर मागं राहण्याची. काकूंची थोरली बहीण रिठदला, तरणीताठी असताना विधवा झालेली. तिच्या बांगड्या कशा फोडल्या, कुंकू कसं पदरानं खरवडून काढलं, सख्ख्या पुतणीच्या हळदीला तिला कशी मागच्या खोलीत बसवली, हे काकूंनी मला एकदा नाही, अनेकदा सांगितलं. "मले तसं जगनं नोको," म्हणायच्या. "मी याइच्या आंधी जाईन. भरल्या कपाळानं जाईन." आमच्याकडच्या बऱ्याच बाया हे म्हणतात. काकूंसारखं मनापासून म्हणणारी मी दुसरी पाहिली नाही.

आणि अशा बाईच्या घरात तो गंज आला.

गंज म्हणजे आपलं उभ्या काठाचं पातेलं, प्रत्येक घरात दुधाचा असतोच. पण हा पंगतीचा, आत बकरू मावेल एवढा. कोण्या समाजाच्या भोजनगृहासाठी दुकानदारानं बनवून घेतला होता आणि न्यायला कोणी आलंच नाही, म्हणून मागच्या अंगाला धूळ खात पडलेला. जाड बूड, सरळ अंग, आतून एक रिबीट नाही की जोड नाही, कान असे की ओल्या फडक्यानं धरता यावेत. काकांनी आत डोकं घातलं ते बराच वेळ बाहेर काढलंच नाही. दुकानदार घाबरला म्हणे. बाहेर आले तेव्हा डोळे भरलेले. म्हणाले, "हाच."

आता आपल्याकडे भांडं घेतलं की त्यावर नाव पडल्याशिवाय ते घरी येत नाही. नाव टाकणारे एक वयस्क चाचा त्याच दुकानाच्या पायरीवर मशीन घेऊन बसलेले असतात. काकांनी आपलं पूर्ण नाव सांगितलं, ठसठशीत टाका म्हणाले आणि चहा प्यायला गेले. चाचांनी जन्मभर त्या मापाच्या भांड्यांवर एकच मजकूर टाकलेला. एवढा गंज कोणी घरी वापरायला घेतं का? बाप गेला, की पोरं असा गंज देवळाला नाहीतर गावाला देतात. चाचांचा हात सवयीनं चालला. काका परत आले तेव्हा चाचा मान वर न करता म्हणाले, "तारीख कौनसी डालू? कब गुजर गये?"

काकांनी वाकून वाचलं. "कै." आणि पुढं त्यांचंच नाव, "यांचे स्मरणार्थ".

"गुजरला नाई अजून," काका म्हणाले. "तुयासमोर उभा हाय."

चाचांच्या हातातलं मशीन गळून पडलं. तौबा तौबा करत कानाला हात लावले. दुकानदार धावत आला, घासून देतो म्हणाला, दुसरा मागवून देतो म्हणाला. काका कबूल होईनात. दुसरा असा मिळायचा नाही. आणि घासायचं म्हणाल, तर नाव घासलेलं भांडं चोरीचं असतं, हे आपल्याकडे शेंबडं पोरही जाणतं. "जन्मभर इमानानं कमावलं," काका म्हणाले, "आता चोर कायले होऊ? त्यापरीस मेलेला बरा." तारीख तेवढी त्यांनी टाकू दिली नाही. आणि तसाच तो गंज छोटा हत्ती टेम्पोत घालून, वेल्डिंगवाल्याकडून तोटी बसवून, दारात आणून उतरवला.

हे सगळं त्यांनी आम्हाला हसत हसत सांगितलं. काकूंना मात्र हसू आलं नाही. गंजाकडे पाहिलं आणि मटकन उंबऱ्यावर बसल्या. "अवं माय व," एवढंच. त्या दिवशी चूल पेटली नाही.

पुढचे दिवस आठवले की मला अजून राग येतो. काकांचा. माणसानं हट्टी असावं, पण किती! काकू रडल्या, उपाशी राहिल्या, मुलीला फोन लावून दिला. काकांचं एकच: "भांडं चांगलं हाय." मीही एकदा तोंड सोडलं. "काका, भांड्यापेक्षा बाई मोठी की नाही?" तर मला म्हणाले, "मॅडम, तुमी आत डोकं घालून पाहा, मंग बोला." मी नाही घातलं. का नाही घातलं, ते मला सांगता येणार नाही. एवढंच सांगते, त्या गंजाजवळून जाताना मी पदर आवरून जायचे.

सुरतेच्या जावयानं दिवाळीला आल्यावर गंजाचा फोटो काढून गमतीनं कोणाला तरी पाठवला. तो भावकीच्या ग्रुपवर गेला आणि धडाधड श्रद्धांजल्या सुरू झाल्या. हात जोडलेले, फुलं, दिवे. काका चष्मा लावून एकेक वाचत होते आणि मला दाखवत होते, "पाहा, यानं मले जितेपनी कधी राम राम नाई घातला." मी म्हटलं, अहो कळवा ना त्यांना! तर म्हणाले, "मेलेला मानूस कुठी रिप्लाय देते?"

आणि त्यानंतर त्यांच्या बोलण्यात तो बदल आला. स्वतःबद्दल ते होऊन गेलेल्या माणसासारखं बोलायला लागले. काकूंनी चहा दिला तर म्हणायचे, "साखर कमी टाकत जाय, त्याले कमी लागाची." माझ्या खोलीचा दिवा गेला तर शिडी लावून बसवून दिला आणि उतरताना म्हणाले, "अशा कामाचा त्याले लई कंटाळा होता." थट्टा असती तर चेहऱ्यावर दिसली असती. चेहरा मात्र गंभीर आणि एकदम निवांत, बाप्पा, एवढा निवांत चेहरा मी जिवंत माणसाचा पाहिलेला नाही. आणि रविवारी गंज गुणगुणायचा, गप्प व्हायचा, आणि खालून यायचं, "हो. आलो."

एका सकाळी काकूंनी पिशवी भरली आणि त्या रिठदला बहिणीकडे निघून गेल्या. जाताना दारातच बोलल्या, सगळी गल्ली ऐकेल अशा. "तुमी तुमचं मरन घरात आनून ठेवलं, आता त्याच्यासंगच राहा."

काका एकटे राहिले. मी डबा द्यायचे. जेवत होते, बिअर करत होते, पण मिशीला फेस लावून "पाहा, कशी उतरली" म्हणायला समोर माणूस नव्हतं, ते त्यांना जाणवत असावं. एकदा तोटीखाली पेला धरून बसले होते. मी म्हटलं, घेऊन या ना काकूंना. म्हणाले, "येईन तिची ती." पण पेला भरून वाहून गेला तरी त्यांचं लक्ष नव्हतं.

आणि आल्या. पंधरवडा उलटला नसेल, दुपारी दारात ऑटो थांबला. आधी काकू उतरल्या. मागून नाव टाकणारे ते चाचा, मशीन पोटाशी धरून. चाचांचा चेहरा फाशी जाणाऱ्याचा. "मॅडम, आप समझाओ इनको," मला पाहताच म्हणाले, "मैं ऐसा काम नहीं करता." काकूंनी त्यांना दंडाला धरून आत नेलं, बोर्डात वायर लावली आणि गंजावर काकांच्या नावाखाली बोट ठेवलं.

"टाका. कै. सौ. आन् मंग माहं नाव."

काका खाटेवरून उठले. त्या माणसाला मी पहिल्यांदा घाबरलेलं पाहिलं. "अवं येडी झाली काय? तू कायले?"

"काहून? भांडं चांगलं हाय ना?" काकूंनी त्यांच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "तुमी गेले, मी काय मागं राहू? चाचा, सौ. नीट टाका जो. ते सुटलं नाई पाह्यजे."

मशीन किरकिरत राहिलं. काका मध्ये पडले नाहीत. पडता येईना त्यांना, कारण काय म्हणून अडवणार? चाचांनी पैसे घेतले नाहीत, पाणीही घेतलं नाही, चपला हातात धरूनच गल्लीबाहेर गेले. काकूंनी पदर खोचला, जव भिजत घातला आणि मला हाक मारली, "ये व पोरी, रविवारी मीबी झाकनभर घेऊन पाह्यतो."

घेतली. तोंड वेडंवाकडं केलं, पण घेतली. आणि त्यानंतर ती दोघं त्या घरात अशी राहू लागली की मला वर एकटीला राहवेना. भांडणं बंद. काळजी बंद. काकू जुन्या साड्या वाटून टाकत होत्या आणि गाणी म्हणत होत्या. भाजीवाली त्यांच्या ओट्यावर टेकेनाशी झाली, शेजारीण विरजण मागायला येईना. काकूंना त्याचं काहीच वाटत नव्हतं. "आमाले आता कोनाचंच भ्या नाई राह्यलं," म्हणायच्या, आणि खालून दोघांचं हसणं ऐकू आलं की मी देवाचं नाव घ्यायचे. खरं सांगते, मी भ्याले होते. पुढच्या उन्हाळ्यात मला अकोल्याच्या शाळेत जागा मिळाली आणि मी सामान हलवलं. काकूंनी माझी ओटी भरली. त्यांचा हात गरम होता, मी मुद्दाम धरून पाहिला.

काका गेले ते जेवून दुपारी आडवे झाले असताना. गंज चुलीवर होता. भावकीच्या ग्रुपवर बातमी आली तर कोणी खरंच मानेना. गेल्या वर्षीच तर फुलं पाठवली होती सगळ्यांनी. मी काकूंना फोन केला. "हो पोरी," म्हणाल्या, "भांडं गप झालं तवा हे काई बोलले नाईत. मी समजली." पहिल्या गाडीनं निघाले.

मी पोचले तेव्हा मुलगी यायची होती. तिरडी अंगणात बांधत होते. आत बाया जमलेल्या. काकू भिंतीला टेकून बसलेल्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातभर हिरवा चुडा, गळ्यात मंगळसूत्र. काकांची चुलत बहीण, सगळं आयुष्य पांढऱ्या कपाळानं काढलेली म्हातारी, या कामाला तीच पुढं असते. ती उठली, काकूंसमोर बसली आणि चुडा फोडायला त्यांचा हात धरून पाट्यावर ठेवायला लागली. मला रिठदची ती बहीण आठवली, मागच्या खोलीत बसवलेली.

काकूंनी हात सोडवून घेतला. झटकून नाही, हळूच.

"आत्याबाई, तुमाले वाचता नाई येत. कोनालेबी वाचाले लावा," त्या म्हणाल्या आणि बोटानं चुलीवरच्या गंजाकडे दाखवलं. "काय लिवलं हाय माह्या नावापुढं?"

सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या, मी मास्तरीण ना. मी वाचलं. "कैलासवासी सौभाग्यवती."

"मी त्याइच्या आंधीच गेली," काकू म्हणाल्या. "साऱ्या गावानं पाह्यलं हाय. मेलेल्या सवाष्णीचं कुंकू कोन पुसते? पुसा ना, पुसत असान तं."

म्हातारी तशीच बसून राहिली. तिचा हात हवेत होता, तो हळूहळू खाली आला. मग ती पुढं वाकली आणि तिनं काकूंच्या पायांवर डोकं ठेवलं. भरल्या कपाळानं गेलेल्या बाईच्या पाया पडतात, तशी. काकूंनी डोळे मिटले आणि हात मांडीवर जोडून ठेवले. मग एक सवाष्ण उठली, काकूंच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेऊन तिनं आपल्या कपाळाला लावलं. मग दुसरी. भावकीतली सून, शेजारीण, ती ओट्यावर न टेकणारी भाजीवालीसुद्धा. कोणी हुंदका दिला नाही, कोणी कोणाकडे पाहिलं नाही. बाहेर तिरडीची दोरी आवळल्याचा आवाज येत होता. काकूंची पापणी हलत नव्हती, छाती वरखाली होताना दिसत नव्हती.

माझी पाळी आली. मी वाकले, बोट कपाळाला लावलं. काकूंनी एक डोळा किलकिला केला आणि माझ्याच कानाला ऐकू जाईल एवढं बोलल्या, "गंजात पानी उकळून राह्यलं असंन, पोरी. याइले खांदा देऊन आले म्हंजे सगळ्याइले चहा लागंन."